घरच्या गोडाची कुळकथा

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अध्यक्षांची व कार्यवाहांची नामावली असते, कार्यकारिणीची छायाचित्रे असतात, गणेशोत्सवात झालेल्या नाटकांची आणि व्याख्यानांची यादी असते. ते सर्वथा योग्यच आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक दिवाळी-मेळाव्याला आणि प्रत्येक पाडव्याला जे गोडधोड वाटले गेले, त्याचा उल्लेख जमाखर्चातील 'अल्पोपाहार' या एका शब्दापलीकडे कोठेही सापडत नाही. ही उणीव यथाशक्ति भरून काढावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो आहोत.

या विषयाकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. अलीकडे आपल्या मेळाव्यांतून दोन प्रकारची मते वरचेवर कानी पडतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की, करंजी, अनारसे, हलवा ही खास महाराष्ट्राची देणगी असून ती जशीच्या तशी जतन करणे हे आपले कर्तव्य आहे. तरुण मंडळी म्हणतात की, गुजिया, गजक आणि रेवड्या येथल्या बाजारात उत्तम मिळतात. मग घरी चार दिवस राबून तेच करण्यात 'आपले' असे काय आहे? दोन्ही मते मनापासून मांडली जातात. त्यांचा निवाडा भावनेने न करता इतिहासाच्या आधारे करता येईल काय, हे आपण पाहू.

साखरेचे जन्मस्थान

उसाचे मूळ भारताबाहेरचे, न्यू गिनी बेटाकडचे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. परंतु उसाच्या रसापासून दाणेदार साखर सिद्ध करण्याची विद्या भारतीयांनी प्राचीन काळीच हस्तगत केली होती. अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात हिंदुस्थानातील एका बोरूचे वर्णन केले आहे. मधमाश्यांवाचूनच हा बोरू मध देतो, असे तो सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील जिनसांची वर्गवारी केली असून तीत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसापासून होणारे पाच पदार्थ क्रमाने दिले आहेत. फाणित म्हणजे आपली काकवी. तेथून गुळावर, गुळावरून खांडेवर आणि खांडेवरून शुद्ध शर्करेवर अशी ही चढती पायरी आहे. आपल्याकडील गुऱ्हाळात उसाचा रस कढत असताना काकवी आधी आणि गूळ नंतर हा क्रम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही यादी पुस्तकी वाटणार नाही.

पुढे इ. स. ६४७ मध्ये चीनच्या तांग घराण्यातील सम्राट ताइ-त्सुंग याने साखर करण्याची विद्या शिकून येण्यासाठी मगध देशात आपली माणसे पाठविली. म्हणजे ज्या गंगेच्या खोऱ्यात आज आपण पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलो आहोत, तेथेच चौदाशे वर्षांपूर्वी परदेशी लोक साखरेचा पाक शिकण्यासाठी येत होते. आपल्या मंडळाच्या सभासदांना ही गोष्ट विशेष कौतुकाची वाटावी.

शब्दांचा प्रवास

पदार्थ कोठून आला हे सांगणारे दस्तऐवज पुष्कळदा नष्ट होतात; परंतु शब्द मागे उरतात आणि ते बरेच काही सांगून जातात. 'शर्करा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खडे किंवा वाळू. खड्यासारखी रवाळ म्हणून ती शर्करा. हाच शब्द प्राकृतातून आपल्याकडे 'साखर' झाला. इराणात तो 'शकर' झाला, अरबस्तानात 'सुक्कर' झाला आणि तेथून युरोपात जाऊन इंग्रजांच्या 'शुगर'पर्यंत पोहोचला. 'खंड' या शब्दाचेही असेच झाले. इराणी लोकांनी त्याचा 'कंद' केला, अरबांनी 'कंदी' हे विशेषण बनविले आणि इंग्रजीत त्याची 'कँडी' झाली. आपली मुले नाताळाच्या दिवसांत दुकानातून रंगीत कँडी मागतात, तेव्हा ती कौटिल्याच्या कोठारातलाच एक शब्द उच्चारीत असतात.

गमतीची गोष्ट अशी की, बाहेर गेलेले हे शब्द वेष पालटून पुन्हा आपल्या घरी आले. गुलाबाच्या पाकळ्या साखरेत मुरवून केलेला 'गुलकंद' म्हणजे फारसीतील 'गुल' आणि आपल्याच खंडाचा झालेला 'कंद'. उत्तरेकडे पांढऱ्या साखरेला 'चीनी' म्हणतात आणि खडीसाखरेला 'मिश्री'. एका नावात चीन आहे, दुसऱ्यात मिसर, म्हणजे इजिप्त. ज्या देशांनी आपल्याकडून विद्या नेली, त्यांच्या नावाने ती वस्तू आपल्या बाजारात परत आली.

आता आपल्या फराळाच्या ताटाकडे पाहावे. 'लाडू' हा संस्कृत 'लड्डुक' शब्दापासून आला, 'मोदक' तर जसाच्या तसा संस्कृत आहे. परंतु 'शंकरपाळे' हा शब्द, कित्येकांना वाटते तसा भगवान शंकराशी संबंधित नसून फारसी 'शकरपारा' म्हणजे साखरेचा तुकडा या शब्दाचे मराठी रूप आहे. 'बर्फी'मध्ये फारसी 'बर्फ' आहे. 'जिलबी' अरबी-फारसी वळणाची आहे. आणि ज्या पदार्थाइतका मराठी पदार्थ दुसरा नाही असे आपण समजतो, ज्याचे दागिने करून नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला घालतो, त्या 'हलव्या'चे नाव अरबी आहे; 'हुल्व' म्हणजे गोड, त्यावरून 'हलवा'. नाव परके म्हणून वस्तू परकी ठरत नाही. तथापि आपले स्वयंपाकघर हे कधीही बंद दाराचे नव्हते, एवढे मात्र यावरून निश्चित होते.

मराठी पाकविद्येची परंपरा

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोग प्रकरणात तत्कालीन पक्वान्नांची सविस्तर माहिती आहे. हे कल्याणी म्हणजे आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण. परंतु त्या काळी मराठी व कानडी मुलूख एकाच छत्राखाली नांदत होते. या ग्रंथातील 'मंडक' म्हणजे आपले मांडे. बेळगावकडे आणि खानदेशात ते आजही केले जातात. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची आख्यायिका मराठी घरातील लहान मुलासही ठाऊक असते.

घरापासून दूर गेलेल्या मराठी माणसांच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाचे प्रकरण तंजावरचे आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरास मराठी राज्य स्थापन केले व ते १८५५ पर्यंत टिकले. या एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने आणि त्यांचे गुणदोष यांचा असा संग्रह विरळा. जिलबीची कृतीही त्यात आढळते. पुढे सरफोजी राजांच्या (१७९८ ते १८३२) राजवाड्यातील पाककृती मराठीतून लिहून ठेवण्यात आल्या आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने प्रसिद्ध केल्या.

या दोन ग्रंथांचा एकत्रित विचार केला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. स्वयंपाकाविषयी लिहून ठेवण्याची निकड मराठी माणसाला कावेरीच्या काठी, कृष्णा-गोदेपासून शेकडो कोस दूर असतानाही भासली. सासू, नणंद, शेजारीण हाताशी असते तोवर पाकाची तार विचारून घेता येते. ते माणूस दूर राहिले की कागदाची आठवण होते. बाजीराव दुसरे १८१८ नंतर आपल्या मोठ्या परिवारासह कानपूरनजीक ब्रह्मावर्तास येऊन राहिले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, काशी येथे मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या नांदली. त्या असंख्य घरांतील स्त्रियांनी काय काय कसे केले, याची वही मात्र क्वचितच उरली आहे.

छपाईच्या युगात ही उणीव काहीशी भरून निघाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि लग्न होऊन परप्रांती जाणाऱ्या कित्येक मुलींच्या ट्रंकेत शालूच्या घडीबरोबर तिने जागा मिळविली. याचे एक कारण त्यातील मापे होत. जुन्या मापांत शेर, छटाक आणि तोळे होते. दशमान मापे देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. 'रुचिरे'ने वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरात असणारी मापे धरली. परगावी एकट्याने संसार मांडलेल्या मुलीला तराजूवाचून पदार्थ करता येऊ लागला, हा लहानसा वाटणारा बदल फार मोठा होता.

तीळ आणि गूळ

सणाच्या गोडामध्ये प्राचीनतेचा मान तिळगुळास दिला पाहिजे. हडप्पा येथील उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. आपला 'तेल' हा शब्दच 'तिल' या शब्दापासून झाला, एवढे या धान्याचे महत्त्व. थंडीच्या दिवसांत स्निग्ध तीळ आणि उष्ण गूळ यांची जोडी शरीरास हितकर, हा अनुभव एका प्रांताचा नाही. त्यामुळे सूर्य मकर राशीत जातो त्या सुमारास अवघ्या देशात तीळ आणि गूळ निरनिराळ्या रूपांत प्रकट होतात. गयेचा कुटलेला खुसखुशीत तिलकुट, मुरैन्याची गजक, लखनौची रेवडी, आसामात माघ बिहूला होणारे तिळाचे लाडू हे सर्व एकाच कुळातील होत. कर्नाटकात तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण करून 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात आणि ते देताना 'तीळगूळ खाऊन चांगले बोला' अशा आशयाचे शब्द उच्चारतात. आपल्या 'तिळगूळ घ्या, गोड बोला' या वाक्याचे ते जुळे भावंडच नव्हे काय? त्याच सणाला तेथे साखरेचे साचे काढून 'सक्करे अच्चु' वाटतात. आपल्याकडे लाकडी साच्यात दोरा ठेवून साखरेची गाठी काढतात. ती होळीला मुलांच्या गळ्यात पडते आणि पाडव्याला गुढीवर चढते. येथे उत्तरेत दिवाळीला साखरेचे हत्ती-घोडे मिळतात. साचा निराळा आहे, पाक एकच आहे.

तिळगुळाच्या लाडवात आपण दाण्याचे कूट घालतो. हे कूटही काही प्राचीन नव्हे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला; युरोपीय दर्यावर्दींच्या काळानंतर तो जगभर पसरला. लोणावळ्याची चिक्की सर्वश्रुत आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि त्या वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांनी तिची कीर्ति दूरवर नेली. काजूकतलीतला काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. आज काजूवाचून दिवाळी आणि दाण्यावाचून संक्रांत आपल्याला अपुरी वाटते. जे दोनचारशे वर्षांपूर्वी परके होते ते आज परंपरा बनले आहे, हे परंपरेची थोरवी गाताना विसरता कामा नये.

तिळगूळ हा घरच्या गोडातला सर्वांत सुलभ प्रकार असला तरी त्यातही ज्ञान आहे. निवडलेले तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे. तिळाच्या वजनाइतकाच चिक्कीचा गूळ थोड्या तुपावर वितळवावा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहावा. गोळी मऊ राहिली तर लाडू मऊ होतो, थेंब कडकन मोडला तर वडी कुरकुरीत होते. साध्या गुळाने केलेला लाडू दगडासारखा होतो किंवा बसतच नाही, याचे कारण गुळागुळांतील फरकात आहे. उत्तरेत आलेल्या पहिल्या पिढीतील गृहिणींना कोल्हापुरी गूळ मिळत नसे. येथल्या भेलीच्या गुळाशी जुळवून घेत त्यांनी आपली तार नव्याने शोधली. ही शोधाची कहाणी कोणत्याही अहवालात नाही.

हलव्याचा काटा

हलवा हा या सर्वांचा मुकुटमणी होय. यास सामग्री अगदी थोडी लागते. तीळ, साखर, पाणी आणि मळी काढण्यापुरते चमचाभर दूध एवढ्यावर काम भागते. दुर्मिळ आहे तो वेळ आणि धीर. साखर-पाण्याचा पाक उकळून त्यात दूध घातले की मळी वर येते. ती काढून पाक स्वच्छ पातळ ठेवावा लागतो. शेगडीवर राखेने झाकलेले निखारे, त्यावर परात, परातीत तीळ. चमचा चमचा पाक सोडावयाचा आणि बोटांनी तीळ सतत फिरवीत राहावयाचे. एक लेप वाळला की दुसरा. असे तासन्‌तास, पुष्कळदा दिवसेंदिवस चालते. तेव्हा कोठे दाण्यावर काटा उभा राहतो. खसखस, साबुदाणा, कलिंगडाचे मगज, लवंग, वेलदोडे, शेंगदाणे यांवरही हलवा चढवितात.

काटा येण्यामागील कारण सोपे आहे. पाकातील पाणी झपाट्याने उडाले म्हणजे साखर दाण्याभोवती स्फटिकरूपाने जमते, आणि प्रत्येक नव्या लेपाबरोबर स्फटिक बाहेरच्या अंगाला वाढत जातो. हवा कोरडी आणि थंड असेल तर हे उत्तम साधते. साखर हवेतील ओल चटकन शोषून घेते, म्हणून दमट हवेत काटा विरतो. पौषाची कोरडी थंडी हा देशावरच्या हलव्याचा खरा सहकारी. येथे गंगाकाठी पौष-माघात धुके दाटते. म्हणून येथील जाणत्या गृहिणी सकाळचा वेळ सोडून दुपारचे ऊन आल्यावर परात मांडीत असत. हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, ते त्यांनी स्वतः शोधून काढले.

दाण्यावर साखर चढविण्याची ही कला जगातही इतरत्र आढळते. इराणात साखर चढविलेले बदाम लग्नसमारंभात वाटतात. इटलीत अशाच साखरदाण्यांना 'कॉन्फेत्ती' म्हणतात. तथापि त्या दाण्यांचे मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद आणि नथ करून ते काळ्या चंद्रकळेवर सुनेला घालावे, तान्ह्या मुलाला हलव्याचा मुकुट आणि बासरी देऊन त्याच्यावर बोरे, उसाचे करवे आणि चुरमुरे यांचा वर्षाव करावा, ही कल्पना मराठी घराने काढली. येथे 'आपले काय' या प्रश्नाचे उत्तर प्रथमच हाती लागते. आपला नसेल तो शब्द, आपली नसेल ती युक्ति. परंतु नव्या माणसाचे घरात स्वागत गोडाच्या अलंकारांनी करावे, ही रीत आपली आहे.

भावंडांचा परिवार

करंजीची गोष्ट याहून निराळी नाही. होळीला येथे घरोघर गुजिया होते. बिहारात तिला पिडकिया म्हणतात, गुजरातेत घुघरा, गोव्यात नेवरी, कर्नाटकात कर्जिकाई, आंध्रात कज्जिकायलु, तमिळनाडूत सोमासी. सारणात कोठे खवा, कोठे ओले खोबरे, कोठे डाळे व तीळ. गोव्यात हीच नेवरी चतुर्थीला हिंदू घरात होते आणि नाताळात दोदोल, बेबिंका, कुलकुल यांच्या समवेत ख्रिस्ती घरच्या 'कुस्वार' नामक फराळाच्या तबकातही असते. तबके एकमेकांच्या घरी जातात, तेव्हा नेवरीला धर्म विचारला जात नाही.

अनारशाचेही तेच. तांदूळ तीन दिवस भिजत घालावेत, रोज पाणी बदलावे, सावलीत वाळवून कुटावेत, गूळ किंवा साखर घालून पीठ मुरू द्यावे आणि मग खसखशीवर थापून एकाच बाजूने तळावे, हा आपला विधि. तमिळनाडूतील अधिरसम्, आंध्रातील अरिसेलु, कर्नाटकातील कज्जाय, ओडिशातील अरिसा पिठा आणि बिहारचा अनरसा हे सर्व ओल्या तांदळाच्या पिठाचे आणि गुळाच्या पाकाचे सगोत्र आहेत. मात्र अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची प्रथा पुन्हा आपली. अनारशाची जाळी पडली तर दान सफल झाले, असे आपल्या आज्या म्हणत. पीठ नीट मुरले नाही तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फसफसून विरघळतो. दुसऱ्याची फजिती आणि आपले यश या दोहोंवर एकाच ओट्यापाशी हसत ही विद्या पुढे गेली.

साखर स्वस्त झाली, वेळ महाग झाला

पूर्वी साखर हा श्रीमंतांचा पदार्थ होता. सामान्य घरात सणाचे गोड गुळाचेच असे. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात कारखाने झपाट्याने वाढले. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले. त्या आदर्शावर राज्यात सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली. तरीही महायुद्धाच्या काळापासून पुढे कित्येक वर्षे साखर शिधापत्रिकेवर मिळे, आणि सणाची साखर महिनामहिना पुरवून साठवावी लागे. वनस्पती तूप १९३७ पासून डब्यातून घरोघर पोहोचले होतेच. परगावी नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय घराने साजूक तूप, वनस्पती, साखर आणि गूळ यांचा हिशेब जमवून जे ताट सजविले, त्यात काटकसर आणि औदार्य यांचा दुर्मिळ संगम होता.

आज साखर मुबलक आहे, परंतु वेळ दुर्मिळ झाला आहे. घरातील स्त्रिया नोकरी-व्यवसाय करतात आणि त्यांनी एकट्यांनी चार चार दिवस राबावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. आम्हांस येथे स्पष्टच सांगितले पाहिजे की, परंपरेचा गौरव करणारी भाषणे पुरुषांनी करावयाची आणि परातीपाशी बोटे भाजून घ्यावयाची ती स्त्रियांनी, ही वाटणी यापुढे चालणारी नाही व चालू नये. हलवा हलविण्यास लागणारी बोटे पुरुषांनाही आहेत. विकत आणलेल्या करंजीने दिवाळी बाटत नाही. परंतु घरी चौघांनी मिळून केलेल्या वडीबरोबर जे संभाषण होते, जो तंटा होतो, मुलांच्या कानावर जी मराठी पडते, ती मिठाईच्या खोक्यातून येत नाही. 'उलथणे', 'झारा', 'मोहन', 'सारण', 'मुरड', 'कातणे' हे शब्द शब्दकोशातून शिकून जिभेवर बसत नाहीत. ते ओट्याशीच शिकावे लागतात. दूर देशी राहणाऱ्या मराठी मुलांसाठी स्वयंपाकघर ही भाषेची पहिली शाळा आहे, आणि पुष्कळदा तीच शेवटचीही ठरते.

निष्कर्ष

आरंभी मांडलेल्या दोन्ही मतांचा आता निवाडा करता येईल. ज्येष्ठांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पदार्थ केवळ आपले नाहीत. त्यांचे गोत्र अवघ्या भारतभर आणि त्यापलीकडे पसरलेले आहे. साखर मगधातून चीनला गेली, शब्द इराणमार्गे परत आले, शेंगदाणा आणि काजू समुद्रापलीकडून आले. मांडे कल्याणीला होते आणि जिलबी तंजावरला. तरुणांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. पदार्थ सर्वांचे असले तरी हात, प्रसंग आणि रीत आपली आहे. बाहेरून आलेल्या वस्तूला घरचे करून घेणे हीच मराठी स्वयंपाकघराची खरी परंपरा असेल, तर परप्रांती येऊन येथलेच झालेल्या आपणा सर्वांची कथा त्याहून निराळी ती काय?

एक सूचना करून हा लेख संपवितो. मंडळाच्या स्थापनेच्या काळात ज्या भगिनींनी हळदीकुंकवासाठी घरी परात मांडून शेकडो पुड्यांचा हलवा केला, त्यांपैकी काही आज हयात नाहीत. ज्या आहेत त्या वयोवृद्ध आहेत. त्यांच्या बोटांत जे ज्ञान आहे ते त्यांच्याबरोबर जाऊ देणे हा आपला सामुदायिक प्रमाद ठरेल. तंजावरच्या राणीने पंडिताकरवी जे करविले, ते आपण एका साध्या वहीने करू शकतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक घराने एक पदार्थ लिहावा. तो कोणाकडून शिकलो, कोणत्या गावाहून आला, येथे आल्यावर त्यात काय बदलावे लागले, कोणता गूळ चालला आणि कोणता चालला नाही, हे सर्व नोंदवावे. करणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. पुढील संक्रांतीला ही वही समोर ठेवून लहानथोर, स्त्रीपुरुष सर्वांनी मिळून मंडळाच्या सभागृहातच हलव्याची परात मांडावी. धुके विरून ऊन आल्यावर प्रारंभ करावा, म्हणजे काटा चांगला धरेल.

मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत अध्यक्षांच्या नामावलीशेजारी त्या वहीतील नावेही छापली जावोत, एवढीच आमची इच्छा आहे. सर्व सभासदांस सुवर्णमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.